पडद्याच्या मागून

गच्चीवर उभ्या असलेल्या चिमटीने ओली चादर दोरीवर टाकली, दातांतला चिमटा काढून तिच्या टोकाला लावला, आणि पलीकडून गाण्याचा पहिला ठेका ऐकू येताच बाकीचे चिमटे बादलीत टाकून दिले. डावा हात कमरेवर ठेवला, मान वळवली. रुमाल हवा होता, तो नव्हता, म्हणून एक ओला मोजा उचलला. एक ठुमका, दोन पावलं, एक गिरकी, आणि मोजा खांद्यावरून मागे, न बघता! तो जाऊन पडला बाबांच्या डोक्यावर. बाबा नेमके तेव्हाच जिना चढून वर येत होते.

"वा," बाबा म्हणाले. "डॉक्टरांचा मोजा आहे हा. दुसरा कुठाय?"

"बादलीत."

"मग त्यालाही नाचव. एकटाच नाचून नाचून दमेल बिचारा."

चिमटीला उत्तर द्यायला वेळ नव्हता. गाण्याचं दुसरं कडवं सुरू झालं होतं.

थिएटर उघड्यावरचं होतं. चार भिंती, वर आभाळ, खुर्च्यांच्या रांगा, आणि टोकाला लोखंडी सांगाड्यावर ताणलेला भलामोठा कापडी पडदा. त्या पडद्याच्या बरोबर मागे बाबांची लाँड्री आणि लाँड्रीवरची ही गच्ची. पुढून जे दिसे ते आरपार मागूनही दिसे. थोडं फिकट, पण दिसे. फक्त आरशात दिसावं तसं उलटं. चिमटी असल्या उलट्या सिनेमांवरच लहानाची मोठी झाली. पडद्यावरची उलटी नावं ती घडाघडा वाचायची आणि शाळेच्या फळ्यासमोर उभी राहिली की अडखळायची. दातांत कायम कपड्यांचे चिमटे, म्हणून सगळी गल्ली तिला चिमटी म्हणे. खरं नाव फक्त हजेरीपुरतं.

आणि झुळूक म्हणजे तिचा जीव की प्राण! झुळूक हे काही त्या नटीचं खरं नाव नव्हे. ती गायची, नाचायची, तिच्या गाण्यांच्या तबकड्या घरोघर वाजायच्या, आणि ती पडद्यावर आली की उकाड्यातही लोकांना बरं वाटायचं, म्हणून लोकांनीच ते ठेवलेलं. गल्लीतल्या बाकीच्या मुली झुळूकचे फोटो जमवत. चिमटी प्रश्न जमवी. ही गाताना श्वास कधी घेते? रडताना हिचं काजळ ओघळतं, ते पुसून पुन्हा कोण घालतं? आणि सगळ्यात मोठा प्रश्न, जो लाँड्रीवाल्याच्या मुलीलाच पडावा: झुळूक पुरात उडी मारते, पोहत काठाला येते, आणि पुढच्याच क्षणी अंगावरचा फ्रॉक कोरडा ठणठणीत, कडक इस्त्रीचा. वाळला कधी?

"उन्हात वाळला असेल," इस्त्री फिरवता फिरवता आई म्हणाली होती.

"आई, रात्र होती!"

"मग त्यांच्याकडे ऊन रात्री पडत असेल. तो शर्ट दे इकडे."

तर अशी सगळी मजा चालली होती, आणि त्यात एक दिवस बातमी आली की झुळूक स्वतः येणार आहे. सिनेमा इतका चालला, इतका चालला, की थिएटरच्या मालकाने तिचा कार्यक्रमच ठरवला. पडद्यापुढच्या लाकडी मंचावर ती रुमालाचं गाणं म्हणणार, नाचणार, आणि तिच्या मागे नाचायला मुली हव्यात. मुली इथल्याच घ्यायच्या, पण त्या चांगल्या नाचल्या तरच. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी तिचे नाचाचे मास्तर बघतील, आणि नाही आवडल्या तर सरळ आपल्या मुली आणतील.

गल्लीत हे काम साहजिकच मॅडमकडे गेलं. मॅडम म्हणजे फोटोवाल्याची मुलगी. चिमटीपेक्षा जेमतेम दोन वर्षांनी मोठी, पण हुकूम सोडण्यात तिचा हात कोणी धरला नसता. तिने स्वतःसकट सहा जणी गोळा केल्या आणि फोटोच्या दुकानामागच्या अंगणात तालीम सुरू केली. चिमटी तिथे जाऊन उभी राहिली.

"मलाही येतं," ती म्हणाली.

"दाखव."

चिमटीने दाखवलं. तोंडाने गाणं म्हणत, मनापासून, एकही पाऊल न चुकता. गिरकी झाली, हात खाली आला, आणि तिने वर पाहिलं तर सहाही जणी तोंडावर हात ठेवून हसत होत्या.

"अगं, उलटं!" मॅडम म्हणाली. "सगळं उलटं! आम्ही डावीकडे जातो, तू उजवीकडे. आमचा डावा हात वर, तुझा उजवा."

"पण झुळूक असंच करते."

"आम्ही सगळ्या रोज पुढे बसून बघतो. सहा जणी चुकलो आणि तू एकटी बरोबर? झुळूकच्या तिळाचं विसरलीस?"

ते विसरणं शक्य नव्हतं. दुकानाच्या काचेवर झुळूकचा मोठा फोटो लागला, तेव्हा चिमटी सगळ्यांदेखत म्हणाली होती की हा फोटो उलटा छापलाय, तीळ या नाही, त्या बाजूला हवा. फोटोवाले काका हसून हसून खोकले होते. पुढे कितीतरी दिवस येताजाता कोणीही विचारी, काय चिमटे, माझं नाक आहे ना जागेवर?

अक्षरं उलटी, तीळ उलटा. मग नाचच तेवढा सुलटा कुठून असणार? चिमटी घरी आली आणि चादरींच्या ढिगात तोंड खुपसून रडली. तिला दुसरं काहीच नको होतं हो. एकदा, फक्त एकदा, झुळूकच्या मागे उभं राहून ते गाणं नाचायचं होतं.

नशीब कधी कसं फिरेल सांगता येत नाही. सहातली एक मुलगी गालगुंड होऊन घरी बसली आणि मास्तरांचा निरोप होता सहाचाच. मॅडम स्वतः लाँड्रीत आली.

"मागच्या रांगेत, उजव्या टोकाला उभी राहशील," ती म्हणाली. "आमच्यासारखं डावीकडून जमलं तर नाच. नाही जमलं तर नुसत्या टाळ्या वाजव. पण तुझं ते उलटं तिथे चालणार नाही. तुझ्यामुळे आम्ही सगळ्या जाऊ."

चिमटीने मान हलवली. मनगटावर फीत बांधून ती डावा हात घोकायला लागली. पण छे! गाणं सुरू झालं की उजवा हात आपला आपण वर. फीत बांधलेला हात कमरेशी पाहुण्यासारखा बसून राही.

कार्यक्रमाच्या आधी पडदा धुवायला आला. दरवेळी तो बाबांकडेच येई. मोठ्या हौदात भिजवायचा, पायांनी तुडवायचा, नीळ द्यायची, मग दोघातिघांनी मिळून पिळायचा. चिमटी त्याचं एक टोक धरून उभी होती. जिथे रोज झुळूकचा चेहरा येई, तो भाग तिने हाताने हळूच घासला.

"बाबा, मला डाव्या हाताने जमतच नाही."

"जित्याची खोड," बाबा म्हणाले. "पीळ घाल. जोरात."

"मी खरंच उलटी नाचते?"

बाबांनी थोडा विचार केला. "मला तर ती आणि तू सारख्याच दिसता."

"तुम्हीसुद्धा मागूनच बघता, बाबा!"

"हां, तेही खरंच," बाबा म्हणाले, आणि बापलेक दोघंही हसले. पण चिमटीचं हसू लगेच विरलं.

धुतलेला पडदा कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी सांगाड्यावर चढला. सहा मुली मंचावर दोन रांगांत उभ्या राहिल्या. मास्तर बारीक, घामेजलेले, तोंडात शिट्टी. आणि त्यांच्यामागून साधा सुती झगा घातलेली, केस वर बांधलेली, पायांत सपाता असलेली एक बुटकी बाई आली. ती झुळूक आहे हे कळायला मुलींना एक क्षण लागला, आणि कळल्यावर मॅडमसकट सगळ्यांनी घाईघाईने रिबिनी सारख्या केल्या. चिमटीच्या मनात आलं, अगंबाई, ही तर आईएवढीच आहे!

"मास्तर, मीच नाचते यांच्यापुढे," झुळूक म्हणाली. "म्हणजे लगेच कळेल."

तिने हातात लाल रुमाल घेतला, रिकाम्या खुर्च्यांकडे तोंड करून उभी राहिली. मुली तिच्या पाठीमागे, त्यांची तोंडंही खुर्च्यांकडेच. तबकडी सुरू झाली.

चिमटीने टाळ्या वाजवायला हात जोडले. एक टाळी वाजवली, दुसरी वाजवली. आणि पुढे, दोन हातांवर, झुळूकचा हात वर गेला.

उजवा.

चिमटीने डोळे मिटून उघडले. उजवाच होता. झुळूक उजवीकडे निघाली होती, आणि तिच्या मागच्या पाच मुली, डावे हात वर करून, डौलात, डावीकडे. मॅडम सगळ्यांत पुढे. समोर कोणी असतं तर त्याला वाटलं असतं, बाई एका गावाला चालली आणि वऱ्हाड दुसऱ्या.

मग चिमटीने काही ठरवलं नाही. टाळीला जोडलेले हात सुटले, उजवा वर गेला, पाय निघाले. एक ठुमका, दोन पावलं, गिरकी. झुळूकने रुमाल फिरवला आणि उजव्या खांद्यावरून मागे भिरकावला, सिनेमात फेकते तसाच, न बघता. तिथे कोणी नव्हतं. सगळ्या पलीकडे गेल्या होत्या. चिमटी गिरकी घेऊन त्याच जागी आली आणि रुमाल तिच्या मुठीत आला.

मास्तरांनी शिट्टी वाजवली. तबकडी थांबली.

"सगळ्या उलट्या!" मास्तर ओरडले. "पाचच्या पाच!"

"नाही, मास्तर, उलटी ही आहे," मॅडम चिमटीकडे बोट दाखवून घाईने म्हणाली. "आम्ही हिला नुसत्या टाळ्या वाजवायला..."

बोलता बोलता तिने स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहिलं, मग झुळूकच्या हाताकडे, आणि वाक्य अर्धंच राहिलं.

झुळूक वळली. तिने मॅडमला समोर उभं केलं आणि आपला उजवा हात वर केला. "तू कर बघू माझ्यासारखं." मॅडमचा डावा हात वर गेला. "बघ. समोरून शिकलं की असंच होतं. माझा उजवा तुझ्या डाव्या अंगाला दिसतो, मग तू डावा उचलतेस. यात तुझी चूक नाही, सगळ्यांचं होतं." मग ती चिमटीकडे आली. "पण ही कुठे बसून शिकली?"

 चिमटीने बोटाने पडदा दाखवला, आणि पडद्याच्या वरून डोकावणाऱ्या चादरी.

"तिथून. मागून. पडदा आम्हीच धुतो."

झुळूक त्या चादरींकडे बघत राहिली. "मागून माझा उजवा तुझ्या उजव्याच अंगाला येतो. म्हणजे इतके दिवस तू माझ्या पाठीशी उभी राहून नाचत होतीस," ती म्हणाली. "आणि मला कोणी सांगितलंच नाही."

चिमटीला एकदम इतकं हलकं वाटलं की तिला भीतीच उरली नाही. पुन्हा कधी ही भेटणार? तिने विचारून टाकलं.

"पुरातून बाहेर आल्यावर तुमचा फ्रॉक लगेच कसा वाळला?"

मास्तरांनी कपाळावर हात मारला. झुळूक मात्र खो खो हसत सुटली. "अगं, दोन फ्रॉक होते! एक ओला, एक कोरडा. आजवर कोणी पकडलं नव्हतं मला!" आणि हसू आवरत तिने मास्तरांना सांगितलं, "दुसऱ्या मुली नकोत. याच राहतील. ही पुढे उभी राहील, बाकीच्या हिच्या मागे उभ्या राहून शिकतील. संध्याकाळपर्यंत वेळ आहे."

संध्याकाळी खुर्च्या भरून लोक भिंतींवर चढले. झुळूकच्या अंगावर चमचमता फ्रॉक होता आणि ती पुन्हा उंच दिसत होती. तिच्या उजव्या खांद्यामागे चिमटी. न बघता रुमाल मागे आला, चिमटीने तो वरच्यावर झेलला, आणि अख्खं थिएटर उठून उभं राहिलं. फोटोवाले काका फोटो काढायचा विसरून शिट्ट्या मारत होते. आई दुसऱ्या रांगेत बसून रडत होती, आणि शेजारणीला सांगत होती की मी कुठे रडतेय.

बाबा आयुष्यात पहिल्यांदाच पुढच्या बाजूला बसले होते. कार्यक्रम संपल्यावर लेकीला जवळ घेऊन ते म्हणाले, "फार छान झालं. पण पुढून सगळं उलटं दिसतं गं."

पुढच्या आठवड्यात नवा सिनेमा लागला. मालकाने चिमटीला सांगून ठेवलं होतं की पहिल्या रांगेतली खुर्ची तुझी, कधीही ये. ती गेली, पाच मिनिटं बसली, मान अवघडली, आणि परत गच्चीवर आली. चादरी वाळायच्या होत्या.

पहिलं गाणं लागायच्या बेतात होतं, तेव्हा जिन्यावर पावलं वाजली. वर मॅडम आली. तिच्या मागे एकेक करत बाकीच्या चौघी, आणि गालगुंडातून उठलेली, गळ्याभोवती फडकं गुंडाळलेली सहावी.

मॅडमने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा आपल्या पायांकडे.

"चिमटे," ती म्हणाली, "इथे जागा आहे का गं?"

चिमटीच्या दातांत दोन चिमटे होते. तिने ते काढले, बादलीतून आणखी मूठभर घेतले आणि सगळे मॅडमच्या ओंजळीत ठेवले.

"आहे की," ती म्हणाली. "आधी चादरी."