नागपूर सोडून

बहात्तरच्या मे महिन्यातली गोष्ट. कौसल्या सकाळपासून नागपूरच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये, परगावचे फोन जोडायच्या बोर्डासमोर बसली होती. सोबतची देवकी आली नव्हती, म्हणून तिचीही पाळी हिनेच ओढली. हेडफोनने कान ठणकत होते. वादळाने रायपूरकडची लाइन पाडली होती आणि कलकत्त्याच्या बाजूचे सगळे कॉल तुंबले होते.

धंतोलीतल्या एका दवाखान्यातून चंपतराव पुन्हा विचारत होते, "बाई, लागला का टाटानगर? पोराले सांगाचं हाय, त्याच्या मायचं परवा आपरेशन हाय."

"लावून राहिली बाबाजी. थांबा जरा."

तिने कॉल मुंबईकडून फिरवायचं ठरवलं. तिथल्या ऑपरेटर कुसुमताईंकडे टाटानगर मागितलं. थोड्या वेळाने तिच्याच बोर्डावर मुंबईचा दिवा लागला. "नागपूर, टाटानगर द्या."

कौसल्याने कपाळाला हात लावला. "कुसुमताई, हा माझाच कॉल! फिरून माझ्याकडेच आला."

"अगं, पूर्वेकडचं सगळं आम्ही नागपूरवरूनच पाठवतो."

"रायपूर बंद आहे. या कॉलला सांगून ठेवा, 'नागपूर सोडून, दिल्लीमार्गे'. आणि दिल्लीलाही हेच सांगा, नाहीतर तेही इकडेच ढकलतील."

"दिल्लीने ऐकलं तर!"

दिल्लीने ऐकलं. पण इतक्या लांबून येता येता आवाज पार विझला होता. बापाला लेकाचं काही ऐकू येईना. हेडफोनवर कौसल्याला जेमतेम कळत होतं; मग तीच इकडचं तिकडे सांगू लागली.

"रवींद्र विचारतात, येऊ का?"

चंपतराव म्हणाले, "नको म्हना. त्याले सुट्टी नाही भेटत. मी हावो ना इथं." शेवटी त्यांना हुंदका फुटला.

ऑपरेटरने निरोपात आपलं काही घालायचं नसतं. तिने तो होता तसा दिला.

खरखरीतून आवाज आला, "बाई, बाबा रडून राहिले का?"

कौसल्याचे डोळे चुरचुरत होते. "हो," ती म्हणाली. "निघा तुम्ही."

"आजच निघतो म्हणावं."

तिने ते चंपतरावांना सांगितलं. त्यांनी फोन ठेवला. बोर्डावर दिवे लुकलुकत होते. कौसल्याने मान एकदा दोन्हीकडे वळवली आणि पुढचा प्लग उचलला.