पिंप वर जात होतं

आईचे बूट परत द्यायचे होते, एवढंच. बूट द्यायचे, "येते" म्हणायचं आणि मागे वळून न बघता सटकायचं, असा सुतळीचा साधासरळ बेत होता. पण साधासरळ बेत तडीला न्यायला माणूसही साधंसरळ लागतं, आणि सुतळी त्यातली नव्हती.

सुतळी हे नाव तिला धुलाईघरातल्या बायकांनी ठेवलेलं. दहावीत गेली तरी अंगाला लागली ती फक्त उंची. आणि आई बघावी तर अशी भक्कम, की ती दारात उभी राहिली की घरात अंधार व्हायचा. "सगळं तुझ्या आईनेच खाल्लं गं, तुला नुसती हाडं दिली," असं इस्त्रीताई म्हणायची, आणि त्यावर आई इतकी हसायची की तिच्या हातातली ओली चादरसुद्धा हलायला लागायची.

आई मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. वॉर्डातल्या चादरी, गाऊन, ऑपरेशनची हिरवी कापडं ट्रॉल्या भरभरून येत. कोरडी चादर म्हणजे काहीच नाही, पण भिजलेल्या चादरींचा गठ्ठा मशीनमधून ओढून काढायचा तर म्हैस विहिरीतून काढल्यासारखं वाटतं. त्यामुळे झाडून सगळ्या बायकांच्या कमरा कामातून गेलेल्या. त्यातच एका वर्षी इस्पितळाच्या खेळांत स्वयंपाकघरवाल्यांनी त्यांना रस्सीखेचीत असं काही फरफटत नेलं, की धुलाईघराची इज्जत धुळीला मिळाली आणि धुवायला पावडरही पुरेना.

मग मुकादम मावशी पेटल्या. मुकादम मावशी म्हणजे धुलाईघराच्या प्रमुख. आवाज असा, की मशीन चालू असताना त्यांना ओरडावं लागत नसे, मशीनलाच ओरडावं लागे. त्यांनी मागच्या अंगणात लोखंडी तुळईला एक कप्पी बसवली, तिच्यावरून जाडजूड दोर सोडला आणि दोराच्या टोकाला पावडरचं जुनं पिंप वाळूने गच्च भरून टांगलं. कामाची पाळी संपली की आठही जणींनी ओळीत उभं राहायचं, टाचा रोवायच्या आणि पिंप वर ओढायचं. वर गेलं की धरून ठेवायचं, आणि मग हळूहळू खाली सोडायचं. धाडकन सोडलं तर मावशींच्या शिव्या.

आई त्याआधी घरी एकटीने व्यायाम करून बघायची, मोबाइलवर लावून. चौथ्या दिवशी मोबाइल एकटाच व्यायाम करत होता आणि आई त्याच्यासमोर बसून शेंगा सोलत होती. अंगणातला सराव मात्र तिने कधी चुकवला नाही. "एकटी असले की मी माझी समजूत घालू शकते," ती म्हणायची. "तिथे सात जणी उभ्या असतात. कुणाकुणाची घालू?"

आणि फरक पडला की! कंबर दुखायची थांबली. रात्री झोप लागायला लागली. संध्याकाळी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडणारी आई आता दारातूनच गप्पा मारत आत यायची. ओळीत तिची जागा शेवटची. दोर काखेखालून घेऊन, पाठीवरून वळवून खांद्यावर टाकायचा आणि मागे झुकायचं. तिला सगळ्या खुंटा म्हणायच्या. तिच्या पुढे मुकादम मावशी, त्यांच्या पुढे बाकीच्या. शाळा सुटली की सुतळी तिथेच कपड्यांच्या गाठोड्यावर बसून गणितं सोडवायची, म्हणजे वही उघडून आईकडे बघायची.

मग एके दिवशी आई मशीनपाशी खाली बसली आणि तिला उठताच येईना.

रक्ताचा आजार निघाला. डॉक्टर तरुण होते, भले होते. त्यांनी विचारलं, "एवढे महिने तुम्हाला काहीच जाणवलं नाही? थकवा? ताकद कमी झाल्यासारखं?"

आईला खरंच आश्चर्य वाटलं होतं. "नाही हो. रोज पिंप वर जात होतं की!"

डॉक्टरांना कुठलं पिंप ते कळेना. ते फक्त म्हणाले, "थोडं आधी आला असता तर." पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. महिना-दीड महिन्यात आई गेली, आणि ते गिळलेलं वाक्य सुतळीच्या घशात येऊन अडकलं ते अडकलंच.

तर, बूट. जाड तळाचे, सरावाचे, धुलाईघराच्या कपाटातले. सुतळी अंगणात पोचली तेव्हा सराव नुकताच संपला होता. बायकांनी तिला बघितलं. मग इस्त्रीताईने तिला मिठीत घेतलं. ही बाई गप्प बसली तर आजारी पडेल अशी. ती रडत रडत बोलत सुटली.

"तुझ्या आईला आम्ही कधी काही कमी पडू दिलं नाही गं. उन्हाळ्यातच तिचा जोर गेला होता. पण तिला कळू दिलं नाही. सांभाळून घेतलं. मी जरा जास्तच ओढायचे."

"मीपण," दुसरी म्हणाली.

"अगं, मीही!" तिसरी म्हणाली, आणि मग त्या एकमेकींकडे बघायला लागल्या.

सुतळी मिठीतून बाहेर आली. "म्हणजे? तुम्हाला कळलं होतं?"

मुकादम मावशींनीच तोंड उघडलं. "दोरातून सगळं कळतं, पोरी. मी तिच्या पुढे असायचे. पाठीमागून येणारा तिचा ताण मला डोळे मिटूनही ओळखू यायचा. तो कमी व्हायला लागला. मला वाटलं, थकली असेल, घरचं काही असेल. तिला वाईट वाटायला नको."

"मग तुम्ही एकमेकींशी बोलला नाहीत?"

"जिला तिला वाटलं, आपल्यालाच कळलंय."

सात जणींनी, सात वेगवेगळ्या प्रेमांनी, एकच गोष्ट लपवली होती. आणि ज्या बाईपासून लपवली, ती रोज वर जाणारं पिंप बघून स्वतःला ठणठणीत समजत होती.

सुतळीचा आवाज फाटला. "इस्पितळ कुठे होतं? सांगा ना! परगावी होतं? हे समोर होतं! हे अंगण ओलांडायचं होतं फक्त! रोज त्यांच्या चादरी धुता तुम्ही!"

बूट तिने दिले नाहीत, फेकले. एक पिंपावर आदळला. आणि ती निघाली.

घरी बाबा होते. बाबा रंगारी. काम नसलं तरी त्यांच्या अंगाला टर्पेंटाइनचा वास यायचा. सुतळीने सगळं एका दमात सांगितलं, आणि बाबा आता उठतील, आरडाओरडा करतील, निदान टेबलावर मूठ आपटतील म्हणून वाट बघत राहिली.

बाबा नखातला रंग काढायला लागले. मग म्हणाले, "मी पाण्याच्या बादल्या भरायला लागलो होतो. आठवतं? ती म्हणाली, आज सूर्य कुठून उगवला! मला वाटलं, खूश झाली." त्यांनी दुसरं नख धरलं. "मलापण दिसलं होतं गं. जिन्यात थांबायची ती."

स्वयंपाकघरातल्या बरण्यांची घट्ट झाकणं गेले कित्येक महिने आईच्या ऐवजी कोण उघडून देत होतं, ते सुतळीला आठवलं. तेव्हा आपण फार शहाण्या मुलीसारखं वागतोय असं वाटायचं.

त्यानंतर ती कितीतरी दिवस अंगणाकडे फिरकली नाही. मग गेली. माफबिफ करून नाही हं. शाळा सुटल्यावर जायला दुसरी जागाच नव्हती. घरी जावं तर घर नुसतं उघडं तोंड करून बसलेलं. एका दुपारी तिचे पाय तिला न विचारताच वळले. ती दोरापाशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मला धरू द्या."

"तू?" इस्त्रीताई म्हणाली. "पिंप तुलाच वर घेऊन जाईल!"

"जाऊ दे. पण माझी एक अट आहे. ओढताना कुणाचा जोर कमी वाटला तर मोठ्याने सांगायचं. नाव घेऊन, 'सैल' म्हणायचं. तिथल्या तिथे पिंप खाली. लाज नाही, भीड नाही, नंतर सांगू नाही."

मुकादम मावशींनी तिच्याकडे बघितलं, मान हलवली आणि तिला मधे उभं केलं. त्या स्वतः आता सगळ्यात मागे होत्या. पण आईसारखा दोर पाठीवरून घेत नव्हत्या. मागे दोराचं टोक नुसतं जमिनीवर पडलेलं असायचं.

पहिले काही दिवस तर नुसता गोंधळ. "इस्त्री, सैल!" "अगं, शिंक आली होती मला!" "सुतळी, सैल!" "मी सैलच आहे, मला जोर आहेच कुठे!" एकदा तर सगळ्यांनी सगळ्यांची नावं घेतली आणि पिंप बिचारं जागचं हललंच नाही. सुतळीच्या तळहातांना फोड आले, फुटले, घट्टे पडले. पण तिला भूक लागायला लागली. पाठ टेकली की झोप यायला लागली. सात जणींच्या श्वासात श्वास मिसळून मागे झुकताना रडू आलं तरी कुणाला दिसत नसे. तोंड तर सगळ्यांचंच वाकडं झालेलं असे.

आणि हळूहळू दोर तिच्याशीही बोलायला लागला. कोण आज जेवली नाही, कोण नवऱ्याशी भांडून आली, कुणाचं मन दुसरीकडे आहे, सगळं हातात कळायचं. कुठल्याही शाळेत हे शिकवत नाहीत आणि याची परीक्षाही नसते.

मग एका दुपारी पिंप वर होतं, सगळ्या धरून होत्या, आणि सुतळीला जाणवलं की आपल्या टाचा आज फारच खोल रुतल्यात. तिने रोवल्या नव्हत्या. त्या आपोआप रुतल्या होत्या. हातही जास्त आवळले होते. का? सगळ्यात मागून येणारा ताण कमी होता म्हणून. आणि तो आजच कमी नव्हता. काल होता, परवा होता, आणि ती रोज थोडं थोडं जास्त ओढत आली होती. पुढे उभ्या इस्त्रीताईच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. तीही ओढत होती. सगळ्याच ओढत होत्या. पिंप छान वर होतं.

मुकादम मावशींचं नाव कोण घेणार? कुणाची छाती होती?

सुतळी म्हणाली, "मावशी, सैल."

तिला स्वतःलाच नीट ऐकू आलं नाही. मग ती ओरडली. "मुकादम मावशी, सैल! पिंप खाली घ्या!"

पिंप खाली आलं. मावशी लालबुंद. "मी? मला सांगतेस तू? अगं, तू पाळण्यात होतीस तेव्हापासून मी गठ्ठे उचलतेय!"

"मलाही वाटत होतं," इस्त्रीताई पुटपुटली. आयुष्यात पहिल्यांदाच ती पुटपुटली असेल.

"मलापण. दोन-तीन दिवस झाले."

मावशींनी सगळ्यांकडे आळीपाळीने बघितलं. मग त्यांचे खांदे खाली आले आणि त्या तिथेच जमिनीवर बसल्या. "डावा हात जड वाटतो जरा. सकाळपासून."

"सकाळपासून?" सुतळीने विचारलं.

"…आठवडा झाला असेल." त्यांनी दोराच्या रिकाम्या टोकाकडे बघितलं. "नसेल काही. मागून तिचा ताण येत नाही गं. पाठीमागे कुणी नसलं की टाचा रोवताच येत नाहीत. मी दोर धरते आणि रोज तिची वाट बघत राहते." एवढा मोठा आवाज, पण तो आता पार बारीक झाला होता.

सुतळीला वाटलं, आपणही शेजारी बसावं आणि गळ्यात पडून रडावं. पण ती बसली नाही. तिने मावशींचा उजवा हात धरला. "दुःखाने आहे की कशाने आहे ते डॉक्टर सांगतील. उठा."

"उद्या जाऊ."

"आत्ता."

अंगण ओलांडायला कितीसा वेळ लागतो! मधे दोन झाडं आणि एक बंद पडलेला नळ. सुतळी चालत होती आणि प्रत्येक पावलाला तिला कळत होतं की हे एवढंच होतं. एवढंच अंतर होतं. मागून बाकीच्या सहा जणी आल्या, ओल्या बाह्या, तळहात लाल, आणि तपासणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर एकमेकींना चिकटून बसल्या. शिपाई म्हणाला, "एवढी गर्दी नको, बाहेर थांबा." कोणी हललं नाही. इस्त्रीताईने त्याला सांगितलं, की तू रोज ज्या टॉवेलने तोंड पुसतोस तो कोण धुतं ते आधी आठव. तो निघून गेला.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. नर्सने बाहेर बघितलं. आत मावशी पलंगावर पडलेल्या दिसत होत्या, छातीला वायरी लावलेल्या, चेहरा छताकडे. पलंगावरची चादर पांढरीशुभ्र होती.

"पेशंटबरोबर कोण आहे?"

बाकावरच्या सगळ्या जणी उठायच्या बेतात होत्या. सुतळी त्यांच्या आधी उठली.

"मी," ती म्हणाली, आणि आत गेली.