तीन दिवसांचा गुरुवार

मी काठी बोलतेय. उचगावात मला ‘नागोजीची काठी’ म्हणतात, पण माझा जन्म फ्रान्समधला. तिथल्या एका म्हातारीच्या नवऱ्यानं फांदी तासून मला घडवलं. तो गेला आणि म्हातारी मला टेकत इस्पितळात जखमी शिपायांची सेवा करायला जाऊ लागली. पहिल्या मोठ्या लढाईचे दिवस होते ते.

तिथंच नागोजी भेटला. फौजेत खेचरं हाकायचा. विषारी धुरात सापडला आणि दोन्ही डोळ्यांवर पट्टी आली. त्या अंधारात त्याला दिवसांचा पत्ता लागेना. म्हातारीकडून तो एवढंच बोलायला शिकला, “से केल झूर?” म्हणजे, आज वार कुठला?

“लंदी,” म्हातारी म्हणायची.

“सोमवार,” तो पुटपुटायचा. मंगळवार म्हणजे मार्दी, गुरुवार म्हणजे झदी. डॉक्टर शुक्रवारी पट्टी काढणार होते. सगळा जीव त्या वारावर.

गुरुवारी मलम बदलताना डॉक्टरांनी डोळे पाहिले, म्हातारीकडे बघून मान हलवली आणि पट्टी तशीच बांधून गेले. नजर येणार नव्हती. हे त्याला सांगणार कोण?

दुसऱ्या दिवशी नागोजीनं विचारलं, “से केल झूर?”

म्हातारीची मूठ माझ्यावर आवळली. “झदी,” ती म्हणाली.

“काल बी झदीच की, आक्का!” तो हसला. शनिवारीही तेच. पुढच्या सकाळी चर्चच्या घंटा वाजू लागल्या. शेजारच्या खाटेवरचा निपाणीचा भरमा म्हणाला, “आज रविवार हाय न्हवं, म्हणून वाजत्यात.”

 म्हातारी आल्यावर नागोजीनं तोच प्रश्न विचारला. पुन्हा “झदी”. त्यानं हातानं चाचपत मला धरलं आणि गदगदा हलवलं. “खोटं! लबाड हाईस तू!”

म्हातारी खाटेवर बसली. तिनं त्याचा हात उचलून आपल्या ओल्या गालावर ठेवला. तिथं भाषेची गरज उरली नाही.

“डोळं गेलं म्हणायचं,” तो म्हणाला.

तो गावाकडं निघाला तेव्हा तिनं मला त्याच्या हातात दिलं. मराठी मी पुढे त्याच्याच घरात शिकले.

घराच्या उंबऱ्यावरूनच त्यानं लेकीला हाक मारली, “तुळसा, ये गं!”

“मामाकडं गेलीया चिकोडीला,” त्याची बायको यल्लूबाई म्हणाली. “येईल की.”

तो रोज विचारी. ती रोज तेच सांगे. एकदा तो चुलीपाशी तिच्याजवळ जाऊन बसला, मला मांडीवर आडवं घेऊन.

“यल्लू, तिकडं एका म्हातारीनं मायेपोटी माझा गुरुवार लांबवला हुता. पर नजर काय आली न्हाय गं. तुळसा कवा गेली?”

पळी थांबली.

“दिवाळीच्या आदी. तापानं.”

“वार कुठला?”

“मंगळवार,” ती म्हणाली, आणि इतके महिने एकटीनं गिळलेला हुंदका बाहेर फुटला. तो चाचपत तिच्या खांद्यापर्यंत पोचला.

तेव्हापासून दर मंगळवारी दोघं मळ्याच्या बांधावर जात, लेकीला पुरलं होतं तिथं. वाटेत ती त्याला तुळसाचं बोलणं, रुसणं, शेवटचे दिवस, सगळं सांगे. ऐकताना तो मला घट्ट धरी.

गेल्या साली नागोजी गेला. आता यल्लूबाई मला टेकत एकटीच जाते. माझं टोक झिजलंय, तिची पावलंही अडखळतात. तिचं जाणं थांबेल तेव्हा मला चुलीत घालू नका. बांधावर त्या लेकराजवळ रोवा.