थोरलीचं नाक आणि माझी खडखड

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. माझा आवाज घोगरा आहे, लांबून नीट कळायचा नाही. गोष्ट दोन बहिणींची आहे, आणि माझ्या गप्प बसण्याचीही.

मी एक जुना पंखा आहे. छताला लटकून वारा घालणारा नव्हे. भिंतीच्या भोकात बसून आतली हवा बाहेर ओढून टाकणारा. लोखंडी पत्र्यातून माझी पाती कापली, त्यांना करडा रंग दिला आणि मला बुटांच्या एका लहानशा कारखान्यात आणून बसवलं. लांबट खोली, एकच खिडकी, आठ स्टुलं आणि तळवे चिकटवायच्या सोल्युशनचे डबे.

"आता कोणाची डोकी दुखायची नाहीत," मालक म्हणाले होते. मी भिंगरीसारखा फिरलो. सोल्युशनचा तो गोडसर, डोक्यात चढणारा वास मी दिवसभर बाहेर फेकायचो. ज्याला जे काम नेमून दिलं, तेच त्याचं भजन, असं मी मानत आलो.

त्या खोलीत दोन सख्ख्या बहिणी शेजारी शेजारी बसत. थोरली अंगाने दणकट, जिभेने फटकळ. धाकटी गाणारी. ब्रश फिरवता फिरवता ती देवाचं गाणं लावायची आणि साऱ्या खोलीचे हात एका लयीत चालू लागायचे.

दोन वर्षांनी माझा एक स्क्रू ढिला झाला. मी खडखडू लागलो.

"काय मेली कटकट! नेमकं गाण्यात कडमडतंय," म्हणत थोरलीने माझं बटण बंद केलं. गाणं स्वच्छ ऐकू येऊ लागलं. दुसऱ्या दिवशीही बटण बंदच राहिलं. पेचकस शोधायला कोणाला सवड झाली नाही. खरं सांगतो, मलाही ते गाणं आवडत होतं.

मालकांची एक रीत होती. नवा डबा उघडला की आधी तो थोरलीच्या नाकाखाली धरायचा.

"सोसवतोय का गं वास?"

"अत्तर आहे मालक, अत्तर!"

खोली हसायची. थोरलीला चाललं, म्हणजे सगळ्यांना चाललं.

पण धाकटीचं डोकं उठू लागलं. मग धाप लागू लागली. कुठे आपटलं नसताना दंडावर काळेनिळे डाग उमटू लागले.

"आली आमची नाजूक नार!" थोरली चिडवायची. "अगं, एका आईच्या पोटच्या आपण, एका ताटात जेवतो. हे वाईट असतं तर आधी मी आडवी नसते का झाले?"

धाकटीला ते पटायचं. थोरलीचा शब्द तिला प्रमाण. ती दोष आपल्याच अंगाला द्यायची आणि पुन्हा गाऊ लागायची. पण ओळ पुरी होण्याआधीच तिचा श्वास संपायचा. एके दुपारी अशाच अर्ध्या ओळीवर ती स्टुलावरून कलंडली.

तिला इस्पितळात नेलं. काही दिवसांनी तिथल्या डॉक्टरीणबाई खोली पाहायला आल्या. त्यांनी डबा पाहिला, मग माझ्या पात्यावरून बोट फिरवलं. बोटाला धुळीचा थर लागला. "हा बंद का? तिचा आजार या वासातूनच आलाय."

थोरली पुढे झाली. "मग मला कसं काही झालं नाही? मी तर डब्यात नाक घालते!"

बाई तिच्याजवळ स्टुलावर बसल्या. "घरातला केर रोज काढता ना? तसे शरीरातही केर काढणारे असतात. विष आत गेलं की त्याला निकामी करून बाहेर घालवतात. ते कसे घडवायचे, ते आई आणि वडील दोघांकडून येतं. सख्ख्या बहिणींतही वाटणी सारखी होत नाही. तुमच्या वाट्याला चपळ आले. तिच्या वाट्याला त्यातला एक आलाच नाही. तपासणीत तसं दिसलं. वास दोघींनी सारखाच घेतला, पण तिचं रक्त बनणं थांबत गेलं."

"म्हणजे उणीव तिच्यातच होती?"

"हे डबे आणि ही कोंडलेली हवा नसती, तर ती उणीव तिला जन्मभर कळलीही नसती. आणि तुम्हीही सुटलात असं समजू नका. सोसणं म्हणजे सुटणं नव्हे."

मालक पुटपुटले, "मग यापुढे माणसं आधी तपासूनच घेतो. चपळवाली तेवढी ठेवतो."

थोरली ताडकन उठली. "मालक, खडे हवेतले वेचा, माणसांतले नको!"

तिने पेचकस शोधला, स्टुलावर चढली आणि माझा स्क्रू आवळला. चार फेरे. एवढंच काम होतं. मी फिरलो, आणि कसलीही खडखड झाली नाही.

त्यानंतर रोज काम आटोपून ती इस्पितळात जायची आणि धाकटीला सांगायची, "पंखा चालू आहे गं." मग एका सकाळी ती आली, माझं बटण दाबलं आणि धाकटीचं स्टूल उचलून कोपऱ्यात ठेवलं. धाकटी गेली, हे तेव्हा मला कळलं.

आता नवा डबा कोणाच्या नाकाखाली जात नाही. डोकं दुखतं असं कोणी म्हटलं की आधी हात थांबतात आणि दार उघडतं. कधी दुपारी थोरली तिच्या बेसूर गळ्याने धाकटीचं गाणं म्हणते. ओळ पुरी करते.

मित्रांनो, देवाने सगळ्यांना एका मापात कापलेलं नाही. दणकटाच्या नाकाने दुसऱ्याचा श्वास मोजू नका. माझ्यासारख्याचा स्क्रू ढिला झाला तर त्याच दिवशी आवळा. आणि कोणी म्हणालं, "मला हा वास सोसत नाही," तर हसू ओठावर येण्याआधी आमच्या धाकटीला आठवा.