कलम चौदावरचा आक्षेप

बेबीताईंनी पंचेचाळिशी ओलांडली, राज्यशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या, नावामागे डॉक्टर लागलं, तरी घरच्यांसाठी त्या बेबीच राहिल्या. अभ्यासाचा विषय मात्र भारदस्त होता. साथीचे रोग आले की जगभरचे देश एकत्र बसून नियम कसे ठरवतात, आणि त्या बैठकांत छोट्या देशांचे प्रतिनिधी तोंड का उघडत नाहीत, हे त्या शोधत होत्या. आईला त्यातलं एवढंच कळलं होतं, की लेक डॉक्टर आहे आणि तरी गुडघ्यावर औषध सांगत नाही.

चार वर्षं अर्ज करून करून ताईंना अशा एका बैठकीत निरीक्षक म्हणून बसायला मिळालं. अट एकच, अवाक्षर काढायचं नाही. निरीक्षकांच्या खुर्च्या शेवटच्या रांगेत होत्या, थेट एसीच्या झोताखाली. दुसऱ्या दिवशी ताईंचं नाक असं काही वाहायला लागलं, की कागद वाटणाऱ्या वयस्कर कारकुनाला दया आली.

"बाई, सहाव्या रांगेत बसा. त्या देशाचा माणूस कालपासून फिरकलेला नाही."

"चालेल का पण?"

"गेल्या वर्षी तो अख्खं अधिवेशन आला नव्हता. कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही."

ताई अंग चोरून बसल्या. चौदावं कलम चाललं होतं. साथीची चाहूल लागताच प्रत्येक देशाने इतरांना 'शक्य तितक्या लवकर' कळवावं, असं त्यात होतं. निम्मं सभागृह पेंगत होतं. अध्यक्षबाईंनी लाकडी हातोडा उचलला.

"कुणाची हरकत नाही ना?"

नेमकी तेव्हाच ताईंना शिंक आली. एका हाताने नाक दाबून त्यांनी दुसरा हात उंच केला, कारकुनाकडे कागदी रुमाल मागायला.

हातोडा हवेतच थांबला. "हरकत नोंदवली. कलम चौदा कंसात! वाद मिटेपर्यंत मंजुरी नाही."

दोनशे माना वळल्या. ताईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. चहाच्या सुट्टीत त्या धावत अध्यक्षबाईंकडे गेल्या. "मी निरीक्षक आहे हो! मला फक्त सर्दी झालीय."

"नोंदलेली हरकत मागे घ्यायला अर्ज लागतो," अध्यक्षबाई बिस्कीट बुडवत म्हणाल्या, "आणि तो अर्ज त्या देशाच्या प्रतिनिधीनेच करायचा असतो."

"पण तो आलेलाच नाही!"

"मग हरकत कायम."

तेवढ्यात तीन छोट्या देशांच्या प्रतिनिधींनी ताईंना गाठलं. "बरं झालं तुम्ही बोललात! आम्हालाही ते कलम खटकतच होतं," पहिला कुजबुजला.

"मी बोलले नाही. मी काहीच बोलले नाही."

"काय सावध भूमिका आहे!" दुसऱ्याने तिसऱ्याला डोळ्याने खुणावलं.

दुपारी उपसमिती बसली. अध्यक्षबाईंनी स्वतः ताईंना माहिती देण्यासाठी म्हणून बोलावून घेतलं. ताईंनी आधी सगळ्यांना आपण कोण ते खडसावून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि विचारलं, "ते ठीक आहे, पण 'शक्य तितक्या लवकर'मध्ये वावगं काय?"

ताईंचा संयम सुटला. "माझ्या आईला विचारा! गेल्या साली घरात सगळ्यांना कांजिण्या झाल्या आणि मला कळवलं अकराव्या दिवशी. का, तर म्हणे शक्य तितक्या लवकरच कळवलं! दिवस ठरवून द्या, नाहीतर सगळे आईसारखेच वागतील."

लिहून घेणाऱ्याने मान वर करून विचारलं, "आई कुठल्या देशाच्या प्रतिनिधी आहेत?"

शेवटी 'तीन दिवसांच्या आत' असं ठरलं. छोट्या देशांनी बाकं बडवली. तेवढ्यात दार उघडून एक गृहस्थ बॅग ओढत आत आले. खरे प्रतिनिधी! विमानतळावर सामान हरवलं म्हणून अडकले होते. ताईंनी घाबरत घाबरत झाला प्रकार सांगितला. गृहस्थांनी चष्मा पुसून नवीन कलम दोनदा वाचलं.

"हे आमच्या देशाने केलं?"

"चुकून."

"बाई," ते गहिवरून म्हणाले, "तुम्ही उद्याही याल का?"

त्यांनी तिथल्या तिथे सही करून हरकत आपलीशी केली. कलम मंजूर झालं, पण ताईंच्या संशोधनाचं मात्र वाटोळं झालं. छोटे देश बोलत नाहीत हा त्यांचा निष्कर्ष, आणि बोलला तो देश म्हणजे त्या स्वतःच! लबाडी करायची नाही म्हणून त्यांनी लेखात सगळं जसंच्या तसं लिहून टाकलं. परीक्षकांनी लेख परत पाठवला. शेरा असा होता: 'रुमाल मागणाऱ्या व्यक्तीची सविस्तर मुलाखत जोडावी.'

ताईंनी डायरी उघडून स्वतःला गुरुवारी अकराची वेळ दिली. गुरुवारी तास आला, म्हणून सोमवारवर ढकलली.