ताईची साक्ष

दगडखाण गावापासून दीड मैलावर होती, पण तिची पांढरी धूळ ताईच्या खोलीत घरच्यासारखी वावरायची. रोज सकाळी ताई चर्चच्या वेदीवरचं, शिवायला आणलेलं कापड चादरीखाली झाकायची, शिवणयंत्र पुसायची आणि मग भावाला उठवायची. भाऊ तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. आईवडिलांमागे तिनेच त्याला वाढवलं. त्याच्यापायी तिच्या लग्नाचं राहून गेलं, असं शेजारणी म्हणत. त्यावर ताई म्हणायची, "लग्नाचं राहिलं ते माझ्या जिभेपायी. त्याच्यावर कशाला ढकलता?"

भाऊ सतरा वर्षं खाणीत यंत्राने दगडाला भोकं पाडत होता. चाळिशी गाठायच्या आत त्याला जिना चढवेना. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाकडे धरला आणि सांगितलं, "आत धूळ बसलीय. ती आता निघत नाही."

गावच्या चर्चचे थोरले फादर घरी येऊन बसले. प्रभूनेही सोसलं, आपणही सोसावं, म्हणाले. माणूस वाईट नव्हता. तीस वर्षांत खाणीतल्या कितीतरी जणांना त्यांनी शेवटची माती दिली होती, प्रत्येकाच्या घरी ते असेच येऊन बसले होते. याहून वेगळं काही सांगता येईल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग धाकटे फादर बदलून आले. पहिल्याच आठवड्यात झग्याची उसवलेली कड शिवून घ्यायला ताईकडे आले. पडद्यामागचा खोकला ऐकून म्हणाले, "किती दिवस आहे हा?"

"दिवस कसले, तीन वर्षं झाली."

"खाणीतल्या आणखी कुणाला आहे?"

ताईने बोटांवर मोजायला सुरुवात केली. दोन्ही हातांची बोटं संपली तेव्हा ती थांबली.  उठता उठता फादरांनी विचारलं, "रविवारी दुपारी चारपाच बायका इथे जमतील का? पवित्र शास्त्र वाचू. अर्थ मी सांगणार नाही, तुम्ही सांगायचा."

"आम्ही काय सांगणार, फादर? वाचताना माझी अक्षरं अजून एकमेकांना धरून चालतात."

"चालतात ना? मग झालं."

रविवारी अकरा बायका आल्या. फादरांनी गुलामांची गोष्ट वाचली. राजासाठी विटा पाडता पाडता कण्हणाऱ्या त्या माणसांचा आवाज देवाच्या कानी गेला आणि तो त्यांना सोडवायला निघाला, ती.  वाचून झाल्यावर खडी उचलणारी एक बाई म्हणाली, "म्हणजे देवाला ऐकू येतं. मग मुकादमालाच का येत नाही?"

खाटेवरून भाऊ म्हणाला, "आधी यंत्र बंद करा. त्या आवाजात देवाला तरी काय ऐकू येणार?"

बायका हसल्या. फादरही हसले. मग म्हणाले, "एकाने दुसऱ्याच्या घरात चोरी केली तर ते पाप आपल्याला लगेच दिसतं. पण इथे बघा. मालक चर्चला बाकं देतो. मुकादम पोरांना खाऊ वाटतो. दोघेही तसे भले. तरी माणसं चाळिशीत जातात. याला काय म्हणाल?"

"पापच," ताई म्हणाली.

"पण कुणा एकाचं नाही. सगळी घडीच तशी बसलीय. म्हणून एकेकाने पश्चात्ताप करून भागत नाही, घडी मोडावी लागते. देवाची माया सगळ्यांवर असते, पण पायाखाली सापडलेल्याजवळ तो आधी जातो. आईला सगळी लेकरं सारखीच, तरी आजारी लेकराच्या उशाशीच ती बसते ना?"

हे ताईच्या मनात घर करून राहिलं. कुणी दया करावी म्हणून नव्हे, तर आपलं म्हणणं न्यायाचं आहे म्हणून मागायचं, ही गोष्टच तिला नवीन होती. चार महिन्यांत ती सही करायला शिकली. बायकांनी अर्ज लिहिला: यंत्रावर पाणी सोडावं, म्हणजे धूळ उडणार नाही, आणि तोंडाला बांधायला चांगल्या मुखपट्ट्या द्याव्यात. खाली एक्केचाळीस सह्या आणि अंगठे.

मालकाने अर्ज हसतमुखाने घेतला आणि बिशपांना धाकट्या फादरांविरुद्ध पत्र लिहिलं.

बिशपांच्या कचेरीतून चौकशीला एक वयस्क फादर आले. आवाज मऊ, चष्मा नाकावर. चर्चच्या कपड्यांची जबाबदारी ताईची, म्हणून तिला आधी बोलावलं. शेजारी कारकून लिहीत होता.

"देव गरिबांच्या बाजूने आहे, असं ते शिकवतात?"

"हो," ताई म्हणाली. खोटं बोलायचं तिला कारणच दिसलं नाही.

"आणि मालकांचं काय?"

"मालकाला तरायचं असेल तर त्यालाही इकडेच यावं लागेल, म्हणाले. दार उघडं आहे, पण दार इकडच्या बाजूला आहे."

कारकुनाने लिहिलेलं वाचून दाखवलं: गरिबांचा पक्ष घेतल्याखेरीज तारण नाही, असे ते सांगतात व वर्गावर्गांत तेढ माजवतात.

"तेढ मी नाही म्हटलं," ताई म्हणाली. "आणि ते आईचं उदाहरण राहिलं. ते घाला."

"उदाहरणं लागत नाहीत, बाई. इथे सही करा."

ताईने सही केली. अक्षर चांगलं आलं म्हणून क्षणभर तिला बरंही वाटलं. पुढे कितीतरी दिवस तिला सगळ्यात जास्त लाज वाटली ती त्या क्षणाची.

तीन आठवड्यांत हुकूम आला. धाकट्या फादरांनी वृद्ध धर्मगुरूंसाठीच्या दूरच्या एका आश्रमात जाऊन ग्रंथालय सांभाळायचं. प्रवचन करायचं नाही. ताई भेटायला गेली तेव्हा ते पुस्तकं दोरीने बांधत होते.

"माझ्या तोंडाने घात केला," ती म्हणाली.

"तुम्ही खरं तेच सांगितलंत. खोटं बोलला असतात तर मला जास्त लागलं असतं."

"मग जाऊ नका. हुकूम मोडा."

"मोडला तर म्हणतील, हा आपल्या हट्टासाठी उभा होता. आणि चर्च सोडून मला जायला जागा नाही, ताई. तेच माझं घर."

"आम्हाला उभं केलंत," ताईचा आवाज चढला, "आणि आता तुम्हीच उठून चाललात."

 दोरीची गाठ मारता मारता ते रडायला लागले. ताईने गाठीवर बोट धरलं, इतकंच.

पाच महिन्यांनी, एका मंगळवारी भर दुपारी, भाऊ गेला. शेवटी शेवटी ताई त्याला एका हाताने उचलून बसवायची. मालकाने मोठं पुष्पचक्र पाठवलं. ते दारातून आत आलंच नाही, आणि ताईने ते कुणाला तिरकं करू दिलं नाही.

चर्चमध्ये थोरले फादर प्रवचनाला उभे राहिले. सोसण्यावरची नेहमीची वाक्यं सुरू झाली आणि मधेच थांबली. त्यांनी कागद घडी करून ठेवला. म्हणाले, "या खाणीतल्या त्रेसष्ट जणांना मी माती दिली. का गेले, हे मी एकदाही विचारलं नाही." 

लोक नंतर म्हणाले, ताई, केवढी मोठी गोष्ट झाली. ताईला मात्र वाटलं, हे एक वर्ष आधी बोलला असतात तर. ती कुणाला तसं बोलली नाही. म्हाताऱ्या माणसाने लिहून आणलेला कागद बाजूला ठेवला, ते तिने पाहिलं होतं.

त्याच आठवड्यात थोरले फादर बायकांचा अर्ज घेऊन स्वतः मालकाकडे गेले, आणि मग दर महिन्याला जात राहिले. आठ महिन्यांनी पाण्याची नळी आली. मुखपट्ट्या आल्या नाहीत. ताईने धाकट्या फादरांना पत्र लिहिलं. एक पान लिहायला तिला तीन दिवस लागले. उत्तर आलं नाही. पत्र त्यांच्या हाती दिलं की नाही, हेही कधी कळलं नाही.

एका शनिवारी ती मुद्दाम खाणीवर गेली. भावाच्या जागी दुसरा माणूस यंत्र धरून होता, गुडघ्यापर्यंत भिजलेला. दगडातून धूळ उडत नव्हती, राखाडी चिखल ओघळत होता. "या पाण्याने पाय गारठतात हो," तो कुरकुरला.

"गारठू देत," ताई म्हणाली आणि तोंड फिरवून डोळे पुसले. आपल्याला आनंद होईल असं तिला वाटलं होतं. थोडा वेळ उभी राहून ती घरी निघाली. उद्या सातआठ जणी येणार होत्या, आणि शास्त्रातला उतारा अजून वाचून ठेवायचा होता.