मी रूपालीचा चाकू

मी एक घडीचा चाकू बोलतोय. घाबरू नका, सध्या मिटलेला आहे.

घडीचा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर पेरू चिरायचा, किल्ल्यांच्या जुडग्यात लटकणारा इवलासा चाकू येतो. मी त्यातला नाही. माझं पातं वीतभर नसलं तरी त्याला फार कमी पडत नाही. मूठ शिसवीची, दोन्ही टोकांना पितळी टोप्या. उघडलो की पात्यामागची पट्टी खट्टकन बसते आणि मग अंगठ्याने दाबल्याशिवाय मी मिटत नाही. ज्या कारागिराने मला ठोकून, घासून, पाणी देऊन तयार केलं, त्याने शेवटी मला कानाशी धरून उघडलं होतं. तो खटका ऐकून तो नुसता हसला. माझं कौतुक तेवढंच झालं, पण मला पुरलं.

तिथून मी सुरतेला आलो, गोपालभाईंच्या दुकानात. कात्र्या, अडकित्ते, विळ्या, साडीच्या कारखान्यात धागे कापायच्या चिमटकात्र्या असा सगळा धारेचा बाजार. मला त्यांनी काचेच्या कपाटात मधोमध ठेवलं होतं. माणसं यायची, मला हातात घ्यायची, हवेत दोनदा फिरवायची, मित्राकडे बघून डोळे वटारायची आणि परत ठेवायची. पुरुषाच्या हातात मोठा चाकू आला की तो आधी आरसा शोधतो, हे मी तिथे शिकलो.

रूपाली आली तेव्हा तिने आरसा शोधला नाही.

ती सुरतेतल्याच डिंडोलीची. वडील भाऊराव रेल्वेत गँगमन होते, भुसावळकडून बदली होत होत सुरतेला आले आणि इथेच निवृत्त झाले. रूपाली रसायनशास्त्र शिकली आणि चलथाणच्या साखर कारखान्यातल्या प्रयोगशाळेत लागली. उसाच्या रसाचे नमुने तपासायचे, साखरेचा उतारा काढायचा. पारखणं हाच तिचा धंदा. तिने मला तसंच पारखलं.

गोपालभाईंनी तिच्यापुढे चारपाच चाकू मांडले. एक बटण दाबल्यावर उघडणारा होता. तिने तो उघडला, त्याची पाठ काउंटरवर दाबली, तर पातं डुगडुगलं. बाजूला. दुसरा नाजूक, बाईमाणसाला शोभेल असा, गुलाबी मुठीचा. तो तिने हातातही घेतला नाही. मग मला उचललं. उजव्या अंगठ्याने उघडलं. डाव्याने उघडलं. पर्समधल्या बाटलीतलं पाणी तळहातावर ओतून ओल्या हाताने मूठ आवळली. पर्समध्ये टाकून झटकन काढून बघितलं, तर मी अस्तरात अडकलो. तिने मान हलवली आणि मला जीन्सच्या खिशात सरकवलं. तिथून मी सरळ हातात आलो.

"बेन, घर माटे?" गोपालभाईंनी विचारलं.

"ना. पासे राखवा माटे." म्हणजे घरासाठी नाही, जवळ बाळगायला.

गोपालभाई गंभीर झाले. "आ बहु मोटो छे. खिस्सामां लईने फरशो तो पोलीस पूछशे."

"पूछवा दो," रूपाली म्हणाली.

तिला मोठाच का हवा होता, ते मला तिच्या घरी कळलं. कारखान्यातून घरी येताना ती कॅनॉलच्या कडेचा रस्ता धरायची. दोन्ही बाजूंना ऊस. दोन मोटारसायकलवाले तिच्या स्कूटीमागे लागायला लागले होते. आधी नुसते हॉर्न. मग बाजूने गाडी चालवत गाणी. मागच्या आठवड्यात एकाने चालत्या गाडीवर तिची ओढणी ओढली, आणि ती कशीबशी पडता पडता सावरली. प्रयोगशाळेतल्या साहेबांनी सल्ला दिला, हायवेने जात जा. तो रस्ता लांबचा आणि ट्रकांचा. रूपालीने सल्ला ऐकून घेतला आणि दुसऱ्या दिवशी मला विकत घेतलं. तिचा हिशेब सरळ होता: छोटा चाकू काढून दाखवावा लागतो, मोठा नुसता उघडला की दिसतो.

भाऊरावांनी मला बघितलं आणि चष्मा काढला. "हे कायले आणलं, रूपा?"

तिने सगळं सांगितलं. भाऊरावांनी चष्मा खिशात ठेवला. मग उठून स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन आले. "काढ तो. बंदच ठेव. मी अंगावर आलो म्हणून समज."

त्या खोलीत बापलेकींनी मग बराच वेळ तो खेळ केला. दर वेळी मी खिशातून सुटायचो आणि दर वेळी भाऊरावांचा हात तिच्या मनगटावर यायचा. रूळ उचललेला हात तो, म्हातारा झाला तरी सुटत नव्हता. "पाहिलं? चाकू तुह्या हातात, अन हात माह्या हातात."

"परत," रूपाली म्हणायची.

हळूहळू ती मागे सरून काढायला शिकली. दहापैकी चार वेळा निसटायची. भाऊरावांना ते पुरेसं वाटत नव्हतं, तिला वाटत होतं. दारात उभ्या मीराबाई, म्हणजे रूपालीची आई, कमरेवर हात ठेवून हे बघत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "जयंतीच्या मिरवणुकीत सगळ्या डिंडोलीला ऐकू जाईल अशा घोषणा देतेस तू. तो आवाज काय वर्षातून एकदाच काढायचा असतो का?"

रूपाली हसली. मीही मनात हसलो. म्हटलं, मी असताना आवाजाची काय गरज?

त्यानंतरचे दिवस माझे ऐन उमेदीचे. रूपाली मला घेऊन ताठ बसायची. सिग्नलला थांबली की हात आपोआप खिशावर जायचा, जसा तुमचा फोनवर जातो. घरी मी टीव्हीच्या शेजारी असायचो. एका रविवारी सुरी सापडेना म्हणून मीराबाईंनी माझ्याने अख्खं डांगर, म्हणजे लाल भोपळा, चिरलं आणि म्हणाल्या, "धार मात्र झकास आहे हो याची." रूपाली रागावली, "आई, तो त्या कामाचा नाही!" मला मात्र डांगर आवडलं. खरं सांगायचं तर तोवर मी काही कापलंच नव्हतं.

मग ती संध्याकाळ आली. थंडीचे दिवस, गाळप जोरात, कडेच्या उसात तोड चालू, दिवस मावळायला अजून थोडा अवकाश होता. कॅनॉलच्या वळणावर मोटारसायकल आडवी आली. रूपालीने ब्रेक दाबला. एकजण उतरला, हसत आला आणि त्याने स्कूटीची किल्ली काढून घेतली. दुसरा गाडी उभी करत होता.

रूपालीने स्कूटी सोडली, दोन पावलं मागे सरली आणि मी उघडलो. खट्ट!

काय सांगू तुम्हाला! किल्लीवाल्याचं हसू जागच्या जागी विझलं. तो मागे हटला, त्याची नजर माझ्या टोकावरून हलेना. मला वाटलं, झालं. हेच माझं काम, आणि ते मी केलं.

दुसऱ्याकडे आमचं लक्षच नव्हतं. तो स्कूटीला वळसा घालून मागून आला आणि त्याने तिचं मनगट दोन्ही हातांनी पकडून वर पिरगाळलं. मी थेट आभाळाकडे तोंड करून उभा. धार होती, टोक होतं, चकाकी होती, पण मला हलवणारा हातच अडकला होता. त्याची बोटं तिच्या बोटांवर सरकत माझ्या मुठीकडे यायला लागली. अजून थोडा वेळ, आणि मी त्याचा झालो असतो. चाकूला मालक ओळखता येत नाही हो. ज्याच्या हातात, त्याचा.

तेव्हा रूपाली ओरडली.

ती किंकाळी नव्हती. ती मिरवणुकीतली घोषणा होती, पोटातून आलेली, एकेक शब्द सुटा. "ऊसतोडीच्या ताईंनो! रस्त्यावर या! दोघांनी मला धरलंय! रस्त्यावर या!"

तो दचकला, पण त्याने पकड सोडली नाही. ती पुन्हा ओरडली. आणि ऊस हलला.

आधी एक बाई बाहेर आली. साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला फडकं, हातात कोयता. तिच्यामागे दुसरी, तिसरी, मग मी मोजायचं सोडलं. पुढची होती मालतीबाई, धुळ्याकडून टोळीबरोबर आलेली.

"काय चाली ऱ्हायनं रे आठे?"

"मौसी, हमारे घर का मामला है," किल्लीवाला घाईने म्हणाला.

मालतीबाईने त्याच्याकडे बघितलंही नाही. तिने रूपालीला विचारलं, "तुना घरना शेतस का ह्या?"

"नाही!"

"मंग सोड रे तिना हात."

आवाज चढवला नाही तिने. कोयताही उचलला नाही, नुसता डाव्या हातातून उजव्या हातात घेतला. मनगट सुटलं. तोवर उसाचा ट्रॅक्टर येऊन मोटारसायकलपुढे आडवा उभा राहिला होता आणि बायकांचं कडं पूर्ण झालं होतं. दोघे रस्त्यातच बसले.

रूपालीने मला मिटलं. मालतीबाईने तिला जवळ घेतलं, पाणी पाजलं, आणि मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"हाऊ काय शे, पोरी? कांदा कापाना का?"

रूपाली रडता रडता हसली. गोपालभाईंच्या कपाटात मी सगळ्यात मोठा होतो. कोयत्यांच्या त्या कड्यात मला पहिल्यांदा माझं खरं माप कळलं. अपमान वाटला नाही, उलट बरं वाटलं. आपल्या बाजूला इतकं पोलाद उभं आहे, हे कुणाला आवडणार नाही?

रूपालीने फोन केल्यावर तिचा भाऊ नरेंद्र सचिन गावातल्या कापड कारखान्यातून तसाच रंगाने माखलेल्या कपड्यांत धावत आला. बहीण धड आहे हे बघितल्यावर त्याने पहिली गोष्ट सांगितली, "पोलीस यायच्या आत चाकू कॅनॉलमध्ये टाक. एवढा मोठा बाळगायला बंदी असते. तुलाच धरतील."

मी तिच्या खिशात होतो. पाणी चार पावलांवर वाहत होतं.

"ते दोघे सांगणारच, हिच्याकडे चाकू होता," रूपाली म्हणाली. "मी नाही म्हणाले, तर पुढचं माझं खरंही खोटं ठरेल."

"अगं, पण केस होईल तुझ्यावर."

"होऊ दे. ती मी भोगीन. पण या दोघांना माझ्या खोट्याचा आधार मिळणार नाही."

पोलीस आले. तिने स्वतः मला काढलं, मुठीकडून पुढे केलं आणि सांगितलं, "हा माझा. उघडला मी, वापरता आला नाही." जमादाराने मान वर करून तिच्याकडे बघितलं. अशी फिर्याद त्याने बहुधा पहिल्यांदाच लिहिली असावी.

तिच्यावरही कलम लागलं, नरेंद्र म्हणाला तसंच. त्यात तिला समज देऊन सोडलं. पण ते प्रकरण चाललं तेवढ्या महिन्यांत नातेवाइकांनी खूप सुनावलं, एक ठरत आलेलं स्थळ परत गेलं. भाऊराव प्रत्येक तारखेला तिच्यासोबत उभे राहिले. मला कापडी पिशवीत घालून, लाख लावून, पोलीस ठाण्याच्या मुद्देमालाच्या खोलीत ठेवलं. मुख्य खटला उभा राहिला तेव्हा मी कोर्टाच्या टेबलावर होतो.

त्या दोघांच्या वकिलाने मला सगळ्यांना दिसेल असं धरलं. "एवढं हत्यार घेऊन फिरणारी मुलगी घाबरलेली होती, असं कोण म्हणेल? भीती होती तर रस्ता का बदलला नाही?"

"तो रस्ता माझ्या कामाला जातो," रूपाली म्हणाली. "मी तो आजही बदललेला नाही. आता आम्ही कारखान्यातल्या तिघी एकत्र निघतो, एवढंच."

मग मालतीबाईला बोलावलं. गाळप संपून ती गावी गेली होती, तिथून मुद्दाम आली होती. वकिलाने दरडावून विचारलं, "नीट आठवून सांगा, चाकू कुणाच्या हातात होता?"

"पोरना हातमा," मालतीबाई म्हणाली. वकील समाधानाने न्यायाधीशांकडे वळला. पण तिचं बोलणं संपलं नव्हतं. "मना हातमा कोयता व्हता. आन त्यासना हातमा पोरना हात व्हता."

गुजरातीत लिहून घेणाऱ्या कारकुनाला त्या अहिराणी वाक्याचा अर्थ विचारावा लागला नाही.

दोघांना शिक्षा झाली. मीराबाईंनी मालतीबाईला मिठी मारली आणि रूपाली तिला स्कूटीवर मागे बसवून डिंडोलीला जेवायला घेऊन गेली. मालतीबाई बसताना ओरडत होती, "धीरे, वं माय, धीरे!" कोर्टाच्या खिडकीतून मला तेवढंच ऐकू आलं.

निकालाच्या शेवटच्या ओळीत माझंही नाव आहे. अपिलाची मुदत संपल्यावर मुद्देमालातला चाकू नष्ट करावा, असा हुकूम आहे. मुदत आता संपत आली.

मला पारखून घेणारा कुणी उद्या दुकानात उभा असेल तर त्याला एवढंच सांगावंसं वाटतं: बाबा रे, पातं किती लांब ते नंतर बघ, आधी तुझा आवाज किती लांब जातो ते बघ, आणि तो ऐकून कोण धावेल ते बघ. माझं म्हणाल तर मी कुणाचं रक्त पाहिलं नाही. एक डांगर चिरलं, एकाचं हसू विझवलं, आणि भरल्या कोर्टात एका मुलीच्या खरेपणाला साक्ष राहिलो. माझ्या जातीत इतकं भाग्य फार थोड्यांना मिळतं.

पिशवीवरच्या चिठ्ठीत लिहिलंय, 'फिर्यादीने स्वतः हजर केला.' ती तशीच राहू द्या म्हणजे झालं. येतो मी.